मार्कस गार्वी : एका परकीयाचा खटला

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वाङ्मयाशी मराठी अभ्यासकाचा परिचय प्रामुख्याने १९७० नंतरचा. १९७२ मध्ये दलित पँथरची स्थापना झाली आणि त्या परिचयाला एक निकड प्राप्त झाली, डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्यांच्या लेखनाने त्याला अभ्यासाची बैठकही लाभली. या परिचयात मार्कस गार्वी हे नाव येते ते बहुधा एका ओळीपुरते. आफ्रिकेकडे परत चला असे सांगणारा, जहाजांची कंपनी काढून बुडालेला एक विलक्षण वक्ता, अशी ती ओळ. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. ज्या घटनेने गार्वींच्या कार्याचा कणा मोडला ती कंपनीचे दिवाळे नव्हे, तुरुंगवासही नव्हे. ती घटना म्हणजे त्यांची हद्दपारी. आणि ही हद्दपारी शक्य झाली ती एकाच कारणाने : ज्या देशात राहून त्यांनी कृष्णवर्णीयांची तोवरची सर्वांत मोठी संघटना उभारली, त्या देशाचे ते नागरिक नव्हते. चरित्रकार ही गोष्ट सांगतात, परंतु बहुधा अर्ध्या वाक्यात. प्रस्तुत लेखात त्या अर्ध्या वाक्यापाशी थोडे थांबावयाचे आहे.

१७ ऑगस्ट १८८७ रोजी जमैका बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील सेंट ॲन्स बे या गावी गार्वींचा जन्म झाला. वडील दगडकाम करणारे गवंडी होते. घरात पुस्तके बाळगणारे, अबोल, मानी, आणि कोर्टकज्जांचा नाद असलेले. या नादापायी त्यांनी आपली बरीचशी जमीन घालविली. अकरा भावंडांपैकी मार्कस आणि इंडियाना ही बहीण एवढीच दोघे मोठी झाली. शालेय शिक्षण बेताचेच. लहान वयातच मार्कस छापखान्यात उमेदवारीला लागला आणि पुढे किंग्स्टन येथे एका मोठ्या छापखान्यात मुकादम झाला. तेथे कामगारांचा संप झाला तेव्हा मुकादमाने मालकाच्या बाजूने राहावे अशी रीत. हा कामगारांच्या बाजूने उभा राहिला आणि नोकरी गमावून बसला. खिळे जुळविण्याचा हा धंदा त्यांच्या पुढील आयुष्यात सतत डोकावतो. पैसा असो वा नसो, गार्वींजवळ वर्तमानपत्र असलेच पाहिजे. कोस्टारिकात केळीच्या मळ्यांवर नोकरी करताना, पनामात, लंडनमध्ये, पुन्हा जमैकात, न्यूयॉर्कमध्ये, आणि अखेरीस पुन्हा लंडनमध्ये, ते जेथे गेले तेथे कागदावर काही ना काही छापले गेले.

१९१२ ते १९१४ ही दोन वर्षे लंडनमध्ये गेली. दूसे मोहंमद अली यांच्या 'आफ्रिकन टाइम्स अँड ओरिएंट रिव्ह्यू' या मासिकाच्या कचेरीत ते काम करीत. आफ्रिका आणि आशिया यांतील पारतंत्र्याचे प्रश्न एकाच पानावर मांडणारे ते नियतकालिक होते. गार्वींच्या विचाराला जे जागतिक परिमाण आले त्याचे मूळ येथे शोधावे लागते. बुकर टी. वॉशिंग्टन यांचे आत्मचरित्रही त्यांनी याच काळात वाचले. जुलै १९१४ मध्ये ते जमैकास परतले आणि 'युनिव्हर्सल नीग्रो इंप्रूव्हमेंट असोसिएशन' ही संस्था त्यांनी स्थापन केली. वॉशिंग्टन यांच्या टस्कगी संस्थेच्या धर्तीवर जमैकात एक शाळा काढावी आणि त्यासाठी अमेरिकेत निधी जमवावा, असा त्यांचा बेत होता. परंतु ते अमेरिकेत पोहोचण्यापूर्वीच, नोव्हेंबर १९१५ मध्ये, वॉशिंग्टन यांचे निधन झाले. २४ मार्च १९१६ रोजी गार्वी न्यूयॉर्क बंदरात उतरले ते ब्रिटिश प्रजाजन म्हणून, व्याख्याने देऊन परत जाण्याच्या इराद्याने. ते परत गेले नाहीत.

हार्लेममधील त्यांचा उदय सर्वज्ञात आहे. त्याची उजळणी थोडक्यात करतो. ऑगस्ट १९१८ मध्ये 'नीग्रो वर्ल्ड' हे साप्ताहिक निघाले. इंग्रजीबरोबर स्पॅनिश आणि फ्रेंच पानेही त्यात असत, आणि कॅरिबियन व आफ्रिकेतील अनेक वसाहतींच्या सरकारांनी त्यावर बंदी घातली होती. साहित्याच्या अभ्यासकाने हे साप्ताहिक केवळ प्रचारपत्र समजून बाजूस ठेवू नये. एरिक वॉलरंड त्याच्या संपादकवर्गात होते. झोरा नील हर्स्टन यांच्या आरंभीच्या कविता त्यात आल्या. दर आठवड्याला सामान्य वाचकांनी पाठविलेल्या कवितांना त्यात जागा मिळे. भारतीय अभ्यासकाला आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे. मार्च १९२२ मध्ये गांधीजींना अटक झाली तेव्हा गार्वींनी हार्लेमच्या लिबर्टी हॉलमध्ये त्यांच्यावर भाषण केले होते, आणि पुढे गार्वी अमेरिकेबाहेर असताना 'नीग्रो वर्ल्ड'च्या संपादनाची धुरा काही काळ हुच्चेश्वर मुद्गल या भारतीयाने सांभाळली.

जून १९१९ मध्ये 'ब्लॅक स्टार लाइन' ही जहाज कंपनी नोंदविण्यात आली. पाच डॉलरचा एक शेअर, तो केवळ कृष्णवर्णीयांनाच मिळावयाचा, आणि कोणा एकाला दोनशेहून अधिक घेता यावयाचे नाहीत. मोलकरणी, हमाल, हॉटेलातील वाढपी यांनी गाठीचे पैसे त्यात घातले. जमलेली रक्कम सुमारे साडेसात लाख डॉलरच्या घरात गेली. व्यवहार मात्र अत्यंत भोंगळ होता. 'यारमथ' हे म्हातारे जहाज १ लाख ६५ हजार डॉलरला घेतले गेले. ज्या कप्तानाने ते घेण्याची शिफारस केली त्याने विक्रेत्याकडून गुपचूप दलाली खाल्ली होती. पुढे हेच जहाज लिलावात १,६२५ डॉलरला विकले गेले. 'शेडीसाइड' ही नदीवर चालणारी सहलीची बोट होती, आणि 'कनाव्हा' नावाची नौका क्यूबाच्या किनाऱ्यावर सोडून द्यावी लागली. गार्वींचे काही भक्त या साऱ्याचे खापर शत्रूंच्या कारस्थानावर फोडतात. ते मला पटत नाही. हिशेब ठेवण्याची शिस्त गार्वींजवळ नव्हती, आणि ज्यांच्याजवळ ती होती त्यांचे ते ऐकत नसत. गरिबांचे पैसे बुडाले ही गोष्ट खरी आहे आणि ती हलकी नाही. परंतु धंद्यातील अव्यवस्था निराळी आणि गुन्हा निराळा. एका गोष्टीचे दुसरीत रूपांतर कसे झाले, हे पाहण्यासाठी कायद्याकडे वळावे लागते.

अमेरिकन काँग्रेसने ५ फेब्रुवारी १९१७ रोजी, अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून, देशात येणाऱ्या परकीयांविषयीचा नवा कायदा संमत केला. आपल्याकडे हा कायदा आठवला जातो तो आशियातील एका विस्तीर्ण प्रतिबंधित क्षेत्रामुळे : हिंदुस्थानातील मजुराला अमेरिकेचे दार त्याने बंद केले. परंतु त्याच कायद्याचे एकोणिसावे कलम बाहेरच्यांविषयी नसून आत येऊन राहिलेल्यांविषयी होते. देशात प्रवेश केल्यापासून पाच वर्षांच्या आत ज्या परकीयाने नैतिक अधःपतनाचा समजला जाणारा गुन्हा केला असेल, आणि त्याबद्दल ज्याला एक वर्ष किंवा त्याहून अधिक मुदतीची कैद झाली असेल, त्याला शिक्षा भोगून संपल्यावर देशाबाहेर काढावे, असे ते कलम सांगत होते. फसवणूक हा या प्रकारातील अगदी ठरलेला गुन्हा. सुटकेच्या वाटा दोनच ठेवल्या होत्या. शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाने तीस दिवसांच्या आत हद्दपारी करू नये अशी शिफारस करावी. अथवा त्या गुन्ह्याबद्दल संपूर्ण माफी मिळावी.

या कलमाचे स्वरूप नीट ध्यानात घ्यावयास हवे. हद्दपारी ही शिक्षा नव्हे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९३ मध्येच एका चिनी मजुराच्या प्रकरणात दिलेला होता. ती शिक्षा नसल्यामुळे तिच्यासाठी ज्यूरी नाही. फौजदारी आरोपीला मिळणारी इतर संरक्षणेही नाहीत. फौजदारी न्यायालय कैद देते आणि मोकळे होते. हद्दपारीचा हुकूम निराळ्या खात्याकडून, त्या काळी मजूर खात्याकडून, निघे. परिणामी एकाच गुन्ह्यासाठी शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन आरोपींपैकी नागरिक असेल तो शिक्षा भोगून घरी जातो, आणि नागरिक नसेल त्याला घरच उरत नाही. न्यायाधीशाने उच्चारलेल्या निकालपत्रात या दुसऱ्या भागाचा उल्लेखही नसतो.

गार्वींच्या बाबतीत हा दुसरा भाग योगायोगाने आला असता तर गोष्ट वेगळी होती. प्रत्यक्षात क्रम उलटा दिसतो. न्याय खात्यात नुकत्याच उघडलेल्या टेहळणी शाखेचे प्रमुख जे. एडगर हूवर हे त्या वेळी चोवीस वर्षांचे होते. ऑक्टोबर १९१९ मधील त्यांचे एक टिपण आज उपलब्ध आहे. गार्वींनी अद्याप कोणत्याही संघीय कायद्याचा असा भंग केलेला नाही की ज्यामुळे त्यांना अवांछित परकीय म्हणून देशाबाहेर घालविता यावे, याबद्दल त्यात खेद व्यक्त केला आहे. आणि जहाज कंपनीच्या प्रचारातून फसवणुकीचा काही खटला उभा राहू शकेल काय, अशी सूचनाही त्यातच आहे. म्हणजे हद्दपारी हे ठिकाण आधी ठरले, तेथे नेणारी वाट नंतर शोधली गेली. त्याच वर्षी डिसेंबरात एम्मा गोल्डमन यांच्यासह २४९ परकीयांना एका जहाजात घालून रशियाकडे रवाना करण्यात आले होते. ही वाट किती सोपी आहे ते खात्याला कळून चुकले होते. पुढे खात्याने गार्वींच्या संघटनेत जेम्स वर्मली जोन्स या आपल्या पहिल्या कृष्णवर्णीय हेराला पेरले.

फेब्रुवारी १९२१ मध्ये गार्वी कॅरिबियन बेटे आणि मध्य अमेरिका यांच्या दौऱ्यावर निघाले. ते देशाबाहेर पडताच, त्यांना परतीचा परवाना देऊ नये अशा सूचना त्या त्या ठिकाणच्या अमेरिकन वकिलातींना गेल्या. काही आठवड्यांचा दौरा पाच महिन्यांवर लांबला. न्यूयॉर्कमध्ये संस्था निर्नायकी झाली, कंपनीची कर्जे वाढत गेली, आणि अध्यक्ष एका बंदरातून दुसऱ्या बंदरात परवान्यासाठी खेटे घालत राहिले. जुलैमध्ये ते न्यू ऑर्लिन्सला कसेबसे उतरले. या अनुभवाने ते हादरले असावेत. परतल्यावर त्यांच्या भाषणांतील सरकारविरोधी धार बोथट झाली, आणि त्याच वर्षी त्यांनी अमेरिकन नागरिकत्व घेण्याचा इरादा रीतसर जाहीर करणारा पहिला कागद दाखल केला.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण भारतीय वाचकाला त्यात स्वारस्य वाटेल. १८७० च्या कायद्याने आफ्रिकन वंशाच्या परकीयांना अमेरिकन नागरिकत्व घेण्याची मुभा दिली होती. आशियाई माणसाला ती नव्हती. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नव्हे असे ठरवून तो प्रश्न आपल्यापुरता निकालात काढला. म्हणजे ज्या वर्षी वंशामुळे आपल्या लोकांना नागरिकत्व नाकारले गेले, त्याच वर्षी वंशाच्या दृष्टीने पूर्ण पात्र असलेल्या एका माणसाला फौजदारी दोषसिद्धीने ते नाकारले. गार्वींना ते दार १९१६ पासून उघडे होते. त्यातून आत जाण्याची गरज त्यांना पाच वर्षे वाटली नाही. ज्याचे राष्ट्र आफ्रिका, त्याने अमेरिकेचे नागरिक कशासाठी व्हावे? तत्त्व म्हणून ही भूमिका भव्य होती. व्यवहारात तिची किंमत जबर पडली.

१२ जानेवारी १९२२ रोजी त्यांना अटक झाली. आरोप टपालाद्वारे फसवणुकीचा. कंपनीच्या एका माहितीपत्रकावर ज्या जहाजाचे चित्र छापले होते त्याच्या अंगावर 'फिलिस व्हीटली' हे नाव होते. फिलिस व्हीटली ही अठराव्या शतकातील गुलाम कवयित्री. अमेरिकेतील कृष्णवर्णीय काव्याचा आरंभ तिच्यापासून मोजतात. चित्र होते 'ओरायन' या दुसऱ्याच जहाजाचे. त्याच्या खरेदीची बोलणी चालू होती, मालकी आलेली नव्हती. नाव चित्रावर रंगविलेले होते. एका कवयित्रीच्या नावाने न घेतलेल्या जहाजाचे चित्र हा सरकारी पक्षाचा प्रमुख पुरावा व्हावा, यातील उपरोध वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या नजरेतून सुटणार नाही.

खटला उभा राहण्यास सव्वा वर्ष लागले, आणि या सव्वा वर्षात गार्वींनी आपले शत्रू स्वतःच्या हाताने वाढविले. जून १९२२ मध्ये ते अटलांटा येथे कू क्लक्स क्लानच्या एका पुढाऱ्याला भेटले. क्लान निदान आपले मन उघड तरी करते, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो त्यांच्या अनुयायांपैकीही अनेकांना रुचला नाही. ए. फिलिप रँडॉल्फ आणि चँडलर ओवेन यांच्या 'मेसेंजर' मासिकाने गार्वींना घालवा अशी मोहीमच उघडली. जानेवारी १९२३ मध्ये गार्वींचे माजी सहकारी जे. डब्ल्यू. ईसन यांच्यावर न्यू ऑर्लिन्समध्ये प्राणघातक हल्ला झाला. त्यानंतर आठ प्रतिष्ठित कृष्णवर्णीयांनी संघीय महान्यायवाद्यांना पत्र लिहून संघटना मोडून काढण्याची आणि खटला लवकर चालविण्याची मागणी केली. या पत्रात आणि एकूण मोहिमेत एक सूर वारंवार उमटतो : हा माणूस बाहेरचा आहे, त्याचे अनुयायी वेस्ट इंडियन अडाणी आहेत. 'मेसेंजर'मध्ये लिहिणारे, स्वतः जमैकाचे आणि गार्वींचे कडवे टीकाकार असलेले डब्ल्यू. ए. डोमिंगो यांनी या सुराचा निषेध केला आणि ते त्या मासिकापासून दूर झाले. गार्वींवर टीका करा, पण ते कोठे जन्मले हा टीकेचा मुद्दा होऊ शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. या प्रकरणात जी थोडी माणसे मला आदरणीय वाटतात त्यांत डोमिंगोंचे स्थान वरचे आहे.

१८ मे १९२३ रोजी न्यूयॉर्क येथे न्यायाधीश ज्यूलियन मॅक यांच्यासमोर सुनावणी सुरू झाली. मॅक यांनी नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल या, गार्वींच्या प्रतिस्पर्धी, संस्थेला देणग्या दिल्या होत्या. म्हणून त्यांनी बाजूस व्हावे अशी मागणी गार्वींनी केली. देणगीची गोष्ट मॅक यांनी मान्य केली, मागणी फेटाळली. त्यानंतर गार्वींनी आपल्या वकिलाला दूर केले आणि स्वतःच स्वतःची बाजू मांडू लागले. त्यांच्या आयुष्यातील हा सर्वांत घातक निर्णय असावा. सभेत हजारोंना डोलावणारी वाणी पुराव्याच्या कायद्यापुढे कुचकामी ठरली. लांबलचक उलटतपासण्यांत त्यांनी आपल्याच विरुद्ध जाणाऱ्या गोष्टी साक्षीदारांकडून वदवून घेतल्या. सरकारी वकील मॅक्सवेल मॅटक यांनी समारोपात ज्यूरीपुढे मोकाट सुटू पाहणाऱ्या वाघाची प्रतिमा उभी केली.

निकाल चमत्कारिक लागला. गार्वींबरोबर कंपनीचे आणखी तीन अधिकारी आरोपी होते. ते तिघेही निर्दोष सुटले. गार्वींवरील आरोपांपैकी एकच सिद्ध मानला गेला : डिसेंबर १९२० मध्ये बेनी डान्सी नावाच्या भागधारकाला टपालाने एक पाकीट गेले होते. न्यायालयापुढे आले ते रिकामे पाकीट. त्याच्या पाठीवर कंपनीचा शिक्का होता; आत नेमके काय होते ते डान्सीला खात्रीने सांगता येईना. त्या रिकाम्या पाकिटावर २१ जून १९२३ रोजी पाच वर्षांची कैद आणि एक हजार डॉलर दंड अशी शिक्षा झाली. मार्च १९१६ ते डिसेंबर १९२० हे अंतर पाच वर्षांहून काही महिन्यांनी कमी भरते, आणि पाच वर्षांची कैद एका वर्षाहून अधिक असते. एकोणिसाव्या कलमाच्या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या. न्यायाधीशांनी तीस दिवसांत करावयाची शिफारस झाली नाही.

तीन महिने कच्च्या तुरुंगात काढल्यावर सप्टेंबरात त्यांना जामीन मिळाला. अपिलाच्या काळातही ते स्वस्थ बसले नाहीत. दुसरी जहाज कंपनी काढली, लायबेरियात वसाहत करण्याची योजना आखली, आणि ती तेथील सरकारने ऐन वेळी मोडीत काढलेली पाहिली. फेब्रुवारी १९२५ मध्ये अपील फेटाळले गेले आणि त्यांची रवानगी अटलांटा येथील संघीय तुरुंगात झाली. सर्वोच्च न्यायालयाने मार्चमध्ये प्रकरण ऐकण्यासच नकार दिला.

तुरुंगातील जवळजवळ पावणेतीन वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी ॲमी जॅक्स गार्वी यांचा इतिहास आहे. त्याही जमैकाच्याच, १९२२ मध्ये दोघांचा विवाह झाला होता. पतीची भाषणे व लेख संपादून त्यांनी 'फिलॉसॉफी अँड ओपिनियन्स ऑफ मार्कस गार्वी' हा ग्रंथ १९२३ आणि १९२५ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केला. दुसऱ्या खंडाचा बराच भाग खटल्याने व्यापलेला आहे. तो माफीसाठी जनतेपुढे केलेला अर्जच म्हणावा लागेल. 'नीग्रो वर्ल्ड'मध्ये स्त्रियांचे पान त्या चालवीत, वर्गणी गोळा करीत, वॉशिंग्टनला अर्ज पाठवीत. आज गार्वींचे विचार आपल्याला सलगपणे वाचावयास मिळतात ते या खटल्यामुळे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. गार्वींनी तुरुंगात एक दीर्घकाव्यही लिहिले. गोऱ्यांनी जगभर केलेल्या अन्यायाची ती पद्यमय जंत्री १९२७ मध्ये ॲमी यांनी छापून काढली. काव्य म्हणून तिची योग्यता फार नाही. यमके ओढूनताणून आणलेली, प्रतिमा उसन्या. तथापि लोकमान्यांनी मंडालेत गीतारहस्य लिहिले, सावरकरांनी अंदमानात कविता रचल्या, अशा परंपरेत वाढलेल्या आपल्यासारख्यांनी कारागृहातील या लेखनाची कारागृहाबाहेरील लेखनाशी तुलना अवश्य करून पाहावी. गार्वींच्या गद्यात जो उपदेशकाचा आवेश आहे तो या काव्यात थकलेला दिसतो, आणि त्याची जागा कडू अशा शांतपणाने घेतली आहे.

माफीसाठीचे अर्ज हजारोंनी येत होते. एकेकाळचे विरोधकही शिक्षा जरब बसविण्याच्या पलीकडे गेली असे म्हणू लागले होते. खुद्द महान्यायवादी जॉन सार्जंट यांनी आपल्या शिफारशीत एक विलक्षण गोष्ट नमूद केली : ज्यांची फसवणूक झाली म्हणून हा माणूस तुरुंगात आहे ते फसविले गेलेले लोकच त्याच्या सुटकेची मागणी करीत आहेत, आणि त्याच्या कैदेकडे आपल्या वंशावरील जुलूम म्हणून पाहत आहेत. १८ नोव्हेंबर १९२७ रोजी अध्यक्ष कूलिज यांनी निर्णय दिला.

तो निर्णय माफीचा नव्हता. शिक्षा कमी करून कैद तेवढी संपविणारा होता. वर्तमानपत्रांतून सुटकेची बातमी फिरली, हार्लेममध्ये आनंद झाला. पण या दोहोंतील भेद ज्याला ठाऊक होता त्याला पुढचे दिसत होते. माफी मिळती तर १९१७ च्या कायद्याप्रमाणे हद्दपारी होऊ शकली नसती. शिक्षा नुसती कमी केल्याने दोषसिद्धी तशीच राहिली, आणि कैद संपल्याखेरीज हद्दपार करता येत नाही ही जी एकमेव आडकाठी होती ती मात्र दूर झाली. दया झाली नसती तर गार्वी आणखी काही काळ अमेरिकेच्या भूमीवर राहिले असते, तुरुंगात का होईना. कूलिज यांच्या सहीने एकाच वेळी तुरुंगाचे दार उघडले आणि देशाचे बंद झाले. हूवर यांच्या टिपणाला तेव्हा आठ वर्षे होऊन गेली होती.

न्यूयॉर्कला जाऊन कारभाराची निरवानिरव करण्याचीही सवड देण्यात आली नाही. अटलांटाहून त्यांना थेट न्यू ऑर्लिन्सच्या बंदरावर नेण्यात आले. २ डिसेंबर १९२७ रोजी पाऊस पडत होता. शेकडो अनुयायी छत्र्या घेऊन धक्क्यावर उभे होते. 'सारामाका' या जहाजाच्या कठड्यापाशी उभे राहून गार्वींनी त्यांना निरोपाचे भाषण केले. ज्या बंदरातून सहा वर्षांपूर्वी ते मोठ्या खटपटीने देशात परतले होते, तेच हे बंदर. त्यानंतर अमेरिकेत त्यांनी कधी पाऊल ठेवले नाही.

पुढील तेरा वर्षांची हकीकत बहुतेक चरित्रग्रंथ उताराची म्हणून आवरती घेतात. किंग्स्टनला त्यांचे अफाट स्वागत झाले. त्यांनी राजकीय पक्ष काढला. न्यायाधीशांवर टीका करणाऱ्या एका भाषणापायी १९२९ मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल तीन महिने तुरुंगात गेले. वृत्तपत्रे काढली, ती बंद पडली. १९३५ मध्ये ते लंडनला गेले. परंतु संघटनेचे बहुसंख्य सभासद, तिचा पैसा, तिच्या शाखा अमेरिकेत होत्या, आणि नेता समुद्रापलीकडे. न्यूयॉर्कच्या शाखेत फाटाफूट झाली, कोर्टकज्जे झाले, आणि ते मिटविण्यासाठी लागणारा माणूस त्या देशात पाऊल टाकू शकत नव्हता. १९३६, १९३७ आणि १९३८ या तिन्ही वर्षी त्यांनी कॅनडातील टोरोंटो येथे संमेलने भरविली. त्याचे कारण भौगोलिक होते. अमेरिकेतील अनुयायांना सीमा ओलांडून तेथे येता येत होते. त्यांना ती ओलांडून तिकडे जाता येत नव्हते.

जानेवारी १९४० मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. मे महिन्यात त्यांच्या मृत्यूची खोटी बातमी पसरली आणि स्वतःचे मृत्युलेख वाचण्याची पाळी त्यांच्यावर आली. १० जून १९४० रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये स्वतंत्र जमैकाने त्यांचे अवशेष स्वदेशी आणले आणि त्यांना आपला पहिला राष्ट्रवीर म्हणून घोषित केले.

दोषसिद्धी मात्र अमेरिकेच्या दप्तरात तशीच राहिली. मुलांनी आणि अनुयायांनी तिच्याविरुद्ध पिढ्यान्‌पिढ्या अर्ज केले. १९८७ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे त्यावर सुनावणीही झाली. दरम्यान कायदा अधिक कठोर होत गेला : न्यायाधीशाने शिफारस करून हद्दपारी थांबविण्याची तरतूद १९९० मध्ये काढून टाकण्यात आली. २०१० मध्ये पदिया नावाच्या एका परकीयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एवढे मान्य केले की, गुन्हा कबूल केल्यास हद्दपारी ओढवेल काय, हे अशिलाला सांगणे वकिलाचे कर्तव्य आहे. त्या निकालपत्रात १९१७ च्या कायद्याचा आणि लोप पावलेल्या त्या शिफारशीचा इतिहास सविस्तर आला आहे. गार्वींचे नाव न येताही तो त्यांच्या प्रकरणावरील भाष्यासारखा वाचता येतो.

१९ जानेवारी २०२५ रोजी, आपल्या कार्यकालाच्या अखेरच्या पूर्ण दिवशी, अध्यक्ष बायडेन यांनी मार्कस गार्वी यांना मरणोत्तर माफी दिली. एकोणिसाव्या कलमाप्रमाणे १९२७ मध्ये 'सारामाका' जहाजावरून त्यांना खाली उतरवू शकला असता असा कागद हाच होता.